टेपताईंचा त्रेचाळीस इंची पडदा

टेपताईंच्या गळ्यात मोजायचा टेप येतो तो सकाळी केस विंचरताना, आणि उतरतो तो थेट झोपताना. एकदा दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, दीर्घ श्वास घ्या. बाईंनी श्वास घेतला आणि सोडता सोडता डॉक्टरांना सांगून टाकलं, की तुमच्या शर्टाचा डावा खांदा अर्धा इंच उतरलाय. तेव्हापासून त्यांचं खरं नाव कुणी घेत नाही.

गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात त्या एकतीस वर्षं पॅटर्न काढतात. म्हणजे शर्टाचा प्रत्येक भाग आधी त्या आखणार, आणि मग त्या आखणीबरहुकूम कापड कापलं जाणार. तीस वर्षं हे काम कागदावर चाललं. गेल्या वर्षी मालकांनी कॉम्प्युटर आणला, आणि त्याच्यासोबत कुठल्याशा ऑफिसातून निघालेला एकोणीस इंची स्क्रीन. टेपताई दोन महिन्यांत तो सगळा प्रोग्राम शिकल्या. फक्त एक सवय काही सुटली नाही. रेघ काढली की गळ्यातला टेप काढून काचेवर धरायचा.

तिथेच घात झाला. वर्षभर जुन्या कागदी आखण्यांचे आकडेच प्रोग्राममध्ये भरले होते; बस आगाराच्या चाळीस ड्रायव्हरांच्या शर्टांसाठी त्यांनी पहिल्यांदाच थेट स्क्रीनवर नवा गळा आणि कॉलर आखली. काचेवर टेप धरला, साडेपंधरा इंच बरोबर भरले. कोपऱ्यात बारीक अक्षरांत प्रोग्राम सांगत होता, चौदालाही थोडं कमी. टेपताईंनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एकतीस वर्षं टेप खोटं बोलला नव्हता, मग कालच्या यंत्राचं काय ऐकायचं? गळा आणि कॉलर एकमेकांना नीट बसले, त्यामुळे शिवतानाही कुणाच्या लक्षात आलं नाही. आठवड्याभरात आगारातून एकोणचाळीस तक्रारी आल्या. वरचं बटण लागत नाही, लावलं तर घास उतरत नाही.

चाळिसावा शर्ट टेपताईंच्या नवऱ्याचा होता. ते गृहस्थ काही बोलले नाहीत. त्यांच्या मानेवरचा लाल वळ बाईंना शनिवारी दिसला, तोही पाठीला तेल लावताना.

सोमवारी मालकांनी बोलावलं. माणूस वाईट नाही, पण वैतागला होता. "ताई, पॅटर्न बाहेरच्या कंपनीकडून करून घ्यावेत असं मला वाटायला लागलंय. तुम्ही तपासणीच्या टेबलावर बसा, तिथे त्रास कमी आहे."

तपासणीच्या टेबलावर म्हणजे दुसऱ्यांनी आखलेल्या शर्टांचे धागे कापत बसायचं. टेपताई म्हणाल्या, "साहेब, मला एक संधी द्या. आणि माझ्या मनासारखा स्क्रीन द्या."

"स्क्रीन हवा तो घ्या. पण गुरुवारी गळा बरोबर आला नाही, तर मग माझा नाइलाज आहे."

तर अशा रीतीने सोमवारी दुपारी टेपताई कॉम्प्युटरच्या दुकानात शिरल्या. पर्समध्ये त्या शर्टाची फाइल असलेला पेनड्राइव्ह आणि गळ्यात टेप. दुकानभर स्क्रीन मांडलेले, सगळ्यांवर एकच निळा मासा पोहतोय. जत्रेत आल्यासारखं झालं त्यांना. कुठून सुरुवात करू आणि कुठून नको! दुकानदार, जाड भिंगाचे गृहस्थ, काउंटरवरून उठेपर्यंत बाईंनी पहिल्या स्क्रीनला टेप लावलाही होता.

"हा सत्तावीस इंची म्हणून लिहिलाय. आडवा भरतोय साडेतेवीस. साडेतीन इंच कुठे गेले?"

"काकू, स्क्रीन कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजतात. तिरका."

"उरेब मोजता होय? आम्ही असा तिरका मोजून शर्ट विकला तर गिऱ्हाईक कारखान्यात येऊन बसेल."

दुकानदारांना हसू आलं आणि त्यांनी खुर्ची पुढे केली. मग बाईंनी चाळीस गळ्यांची सगळी हकिकत सांगितली, काहीही न लपवता. दुकानदारांनी जुन्या स्क्रीनचं माप विचारलं, कागदावर भागाकार केला.

"हे चित्र बारीक ठिपक्यांचं असतं, काकू. तुमचा प्रोग्राम धरून चालतो की काचेच्या एका इंचात शहाण्णव ठिपके मावतात. तुमच्या स्क्रीनवर मावतात शहाऐंशी. म्हणून त्याचा प्रत्येक इंच काचेवर पसरून मोठा दिसतो. काचेवरचे साडेपंधरा म्हणजे कापडावर चौदाही नाहीत."

टेपताई ताडकन उठल्या. "ताणलेला टेप!"

जुना कापडी टेप वापरून वापरून ताणला जातो, आणि मग त्याच्यावरचा इंच इंच राहत नाही. शिवणकामातल्या माणसाला हे पहिल्या वर्षी शिकवतात. टेपताई दर सहा महिन्यांनी टेप बदलायच्या, आणि ज्याच्यावर तो धरायचा ती काच मात्र ताणलेली निघाली. इतक्या दिवसांचं कोडं सुटल्याचा त्यांना एवढा आनंद झाला की आपली चूक कबूल करायची लाजही राहिली नाही.

दुकानदार सरळ माणूस. म्हणाले, "प्रोग्राममध्ये सोय असते. तो एक रेघ काढून देतो, आपण ती टेपने मोजून खरं माप त्याला सांगायचं, की पुढे सगळं बरोबर. त्यासाठी नवा स्क्रीन घ्यायलाच हवा असं नाही. जुन्यावरही होईल."

बाई पुन्हा खुर्चीवर बसल्या. मग खरंच नवा कशाला? पण जुन्यावर काम कसं चालायचं ते त्यांना आठवलं. खऱ्या मापात गळा बघायचा तर घेर गायब, घेर बघायचा तर खांदा गायब. कागदावर अख्खा शर्ट समोर पसरलेला असायचा, आणि कुठे काही बिनसलं तर आकड्याच्या आधी डोळ्याला खुपायचं. वर्षभरात त्यांनी एकही शर्ट पुरता पाहिला नव्हता. अख्खा दिसला असता, तर तो चिमणीएवढा गळा त्यांच्या नजरेतून सुटला नसता.

"मला तीस इंचाची पुढची बाजू खऱ्या मापात, एका नजरेत दिसायला हवी," त्या ठामपणे म्हणाल्या.

तसा एकच आकार होता, त्रेचाळीस इंची. आडवा साडेसदतीस, उंच एकवीस. त्यात दुकानात दोन प्रकार, बाहेरून अगदी जुळे भाऊ. बाईंनी पेनड्राइव्ह पुढे केला. पहिल्यावर मुंढा उघडला, म्हणजे बाही जोडायची ती वळणाची रेघ. जवळ जाऊन बघतात तर वळण कसलं, जिना! पायरीवर पायरी.

"याच्या इंचात ठिपके एक्कावन्नच," दुकानदार म्हणाले. "लांबून सिनेमा बघायला चांगला. आता हा बघा. काच तेवढीच, ठिपके उभेआडवे दुप्पट."

दुसऱ्यावर तोच मुंढा असा सळसळत उतरला की बाईंचं बोट आपोआप त्याच्यावरून फिरलं. काचेवर डाग पडला, तो दुकानदारांनी रुमालाने पुसला.

"हाच. आणि याचा पाय तुमच्याकडेच ठेवा. मला हा झोपवायचाय."

मंगळवारी तो स्क्रीन टेपताईंच्या जुन्या उतरत्या आखणीच्या टेबलावर, मागून हवा खेळेल इतक्या उंच लाकडी ठोकळ्यांवर टेकला. जिथे कागद पसरायचा, तिथेच. बाईंनी रेघ मोजून खरं माप प्रोग्रामला सांगितलं. मग आधी कोपऱ्यातला आकडा वाचला, त्यानंतर टेप धरला. दोघांचं एकमत झालं. बुधवारी गळा आखून झाला तेव्हा त्या टेबलापासून दोन पावलं मागे सरकल्या आणि खांद्यापासून घेरापर्यंत सबंध शर्ट पाहिला. त्यांना इतकं बरं वाटलं की मालकांना हाक मारून तो दाखवला.

गुरुवारी सकाळी पहिला शर्ट मशीनवरून उतरला. ड्युटीवर जाता जाता नवरा कारखान्याच्या दारात थांबला होता. मालकही तिथेच उभे. नवऱ्याने शर्ट चढवला, वरचं बटण लावलं. टेपताईंनी कॉलरमध्ये बोट घालून पाहिलं. बोट सहज फिरलं.

नवऱ्याने मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे.

"काय बघताय?" बाईंनी विचारलं.

"आरसे. आठ दिवस बसचा डावा आरसा बघायला मी सगळा खांदा वळवत होतो."

"अहो, मग बोलला का नाहीत? बाकी सगळे बोलले."

"ते एकोणचाळीस बोललेच होते. त्यात आणि मी कशाला?"

टेपताईंचे डोळे भरून आले. त्यांनी त्याच्या मानेवरचा फिकट झालेला वळ कॉलरखाली नीट झाकला. मालक एव्हाना आत वळले होते, उरलेले एकोणचाळीस कापायला घ्या म्हणून सांगायला.