वॉल्टरच्या हातातला चेंडू

कॅरनचा मेसेज आला तेव्हा मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होतो, कॅमेरा बंद करून. "डॅड गेले. आज दुपारी, झोपेतच." त्याला आता महिना होऊन गेला. वॉल्टर म्हणजे आमचा मेलबर्नजवळच्या वेरिबीतला शेजारी आणि कॅरन त्याची मुलगी. नव्वदी ओलांडलेल्या माणसाला मी अरे-तुरे करतो म्हणून आई पुण्याहून फोनवर रागवायची. पण एकदा त्याला 'अंकल' म्हणालो तर दिवसभर तोंड फुगवून बसला होता.

तरुणपणी तो अमेरिकेत पगारी बेसबॉल खेळायचा. पिचर, म्हणजे आपल्या भाषेत गोलंदाज. लहान लहान गावांच्या संघांकडून बसने फिरत त्याने काही वर्षं काढली, आणि मग एकच उन्हाळा त्याला अगदी वरच्या लीगमध्ये मिळाला. खांदा दुखत होता, ते त्याने कुणाला कळू दिलं नाही. एका सामन्यात चेंडू भरकटायला लागले. बेसबॉलमध्ये पिचरला काढायचं असलं की मॅनेजर स्वतः मैदानात चालत येतो आणि हात पुढे करतो. चेंडू त्या हातावर ठेवायचा आणि निघायचं. वॉल्टर निघाला, तो कायमचाच. पुढे इथल्या एका नर्सशी लग्न करून तो मेलबर्नला आला आणि मोटारींच्या कारखान्यातून रिटायर झाला. "हरलो त्याचं काही नाही, मेट," तो म्हणायचा, "पण चेंडू मी दिला नव्हता. तो काढून घेतला." एवढ्या वर्षांनंतरही हे सांगताना त्याचा आवाज चढायचा.

मी पुण्यात क्लबकडून विकेटकीपिंग केलेला, त्यामुळे त्याने मला हक्काने कॅचर, म्हणजे त्यांचा कीपर, करून टाकलं. मागच्या अंगणात त्याचा तो कोपरातून वाकणारा हात पाहून मी म्हणायचो, "वॉल्टर, आमच्याकडे तुला फेकी म्हणून हाकललं असतं." "आणि तुम्ही चेंडू जमिनीवर आपटता, त्याला खेळ म्हणता?" हे भांडण कधी मिटलं नाही.

गेल्या सीझनला इथल्या बेसबॉल क्लबने सामन्याआधीचा मानाचा पहिला चेंडू टाकायला त्याला बोलावलं. जवळून टाका म्हणाले. ऐकेल तर शपथ! काठी बाजूला ठेवून तो पूर्ण अंतरावर, मातीच्या उंचवट्यावर उभा राहिला. मी समोर, ग्लोव्ह घालून. चेंडू बराच अलीकडे पडला आणि घरंगळत आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण त्याने चेंडू परत मागितला. दुसराही तसाच. मी तो त्याच्याकडे फेकला आणि उठून चालत निघालो. कीपरची सवयच ती... बोलर गडबडला की जायचं, खांद्यावर हात ठेवायचा, दोन शब्द बोलायचे. अर्ध्यावर पोचलो आणि वॉल्टरचा चेहरा उतरला. चेंडू त्याने दोन्ही हातांनी छातीशी धरला होता.

"नो," तो म्हणाला. "अजून नाही."

मी तिथेच थांबलो. "अरे, घ्यायला नाही आलो. एवढंच सांगायला आलो, थोडा वर टाक."

"मग जा की जागेवर!"

तिसराही पोचला नाही. एक टप्पा पडून माझ्या ग्लोव्हमध्ये आला. मी परत फेकला, पण या वेळी त्याने तो टाकला नाही. काठी घेतली, उंचवट्यावरून जपून उतरला आणि सगळं अंतर चालत माझ्यापर्यंत आला. क्लबचा एक जण मदतीला धावला, त्याला मानेनेच नको म्हणाला. मी हात पुढे केला नव्हता. त्याने माझा हात ओढून तळव्यावर चेंडू ठेवला. "झालं माझं," म्हणाला, आणि बिअर कुठे मिळते ते विचारायला लागला.

अंत्यविधीच्या सकाळी कॅरन आमच्याकडे आली. त्याच्याबरोबर पेटीत काहीतरी ठेवावं असं तिच्या मनात होतं, आणि चेंडू आमच्या देवघराशेजारच्या फळीवर असतो हे तिला माहीत होतं. तिने हात पुढे केला. एरवी मी तिला कशालाच नाही म्हणत नाही.

"नको, कॅरन," मी म्हणालो. "तो त्याने दिलाय."

तिने हात मागे घेतला, आणि मग आम्ही दोघंही रडलो.