आणखी काय हवंय?

मावशींच्या पाळणाघरातली पोरं तोंडाने बोलायच्या आधी हातांनी बोलायला लागत. मूठ उघडमीट केली की दूध. पंजे हवेत झटकले की पुरे. आणि दोन्ही हातांच्या बोटांची टोकं जुळवून एकमेकांवर टेकवली की आणखी. यात जादूबिदू काही नव्हती. मावशींची थोरली बहीण जन्मापासून बहिरी, त्यामुळे खुणा घरातच होत्या. पण आया हरखून जायच्या. ज्याला अजून धड उभं राहता येत नाही ते शेंबडं पोर हुकूम सोडतंय म्हटल्यावर कोण हरखणार नाही?

त्या ‘आणखी’ला मात्र मावशी बिचकायच्या. पोराने टोकं जुळवली की हातातलं काम टाकून धावायच्या. पाणी? केळं? खुळखुळा? त्याला नेमकं काय हवंय ते कळेपर्यंत त्यांच्या जिवाला चैन नसे.

त्याला कारण होतं. त्यांची स्वतःची लेक सव्वा वर्षाची असतानाच देवाघरी गेली. दवाखान्यातल्या खाटेवर त्या तिला मांडीवर घेऊन बसल्या होत्या, आणि तापाने फणफणलेली ती सारखी बोटं जुळवत होती. आणखी. आणखी. मावशींनी उठून पाणी आणलं, तिने तोंड फिरवलं. बाहुली आणली, ती ढकलून दिली. मग त्या दूध कोमट करून आणायला खालच्या मजल्यावर गेल्या, आणि वर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

आणखी काय? एवढं एकच विचारायचं राहिलं, आणि त्याने मावशींचा पिच्छा सोडला नाही. त्यांचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. तो बिचारा समजावून थकला, अगं, भूक लागली असेल, सोड आता. पण सुटतंय कसलं? दाताचे डॉक्टर विचार करताना बोटं जुळवायचे, तर ही बाई आ करायचं विसरून त्यांच्या हातांकडेच बघत बसायची. पडद्याच्या घडीत, दोरीवर वाळणाऱ्या पिटुकल्या हातमोज्यांत त्यांना ते हात दिसायचे. घाबरावं तर हात आपल्याच लेकीचे, आणि न घाबरावं तर ते अजून काहीतरी मागतायत.

पाळणाघरात एक गुबगुबीत पोर होतं. डोक्यावर केस औषधालाही नाहीत, म्हणून सगळे त्याला टकलू म्हणायचे. आई बसमध्ये कंडक्टर. एका दुपारी टकलूच्या अंगात ताप भरला. मावशींनी आईला फोन केला, पण तिची बस गावाबाहेर गेलेली, परत यायला संध्याकाळ होणार होती. तिनेच सांगितलेलं औषध पाजून मावशींनी त्याला मांडीवर घेतलं. त्याने बोटं जुळवली.

त्याला गादीवर ठेवून मावशी पाण्याला उठल्या. त्याने वाटी उडवून लावली आणि पुन्हा बोटं जुळवली. मग खुळखुळ्याला उठल्या, दुधाला उठल्या, पंखा कमी करायला उठल्या. दर वेळी तेच. शेवटी त्याला घेऊन बसल्या त्या बसल्याच, कारण पायाला मुंग्या येऊन उठायचीच सोय राहिली नाही. अगदी रडकुंडीला आल्या होत्या. टकलूने त्यांच्या पोटात तोंड खुपसलं आणि त्याचे हात सैल पडले.

झोपला वाटतं, म्हणून त्यांनी त्याला खाली ठेवायला मांडी जराशी हलवली. त्याचे डोळे मिटलेलेच होते, पण बोटं जुळली. त्या थांबल्या. बोटं सुटली. पुन्हा हलल्या. पुन्हा जुळली.

तेव्हा मावशींना कळलं, आणि ते कळण्यापेक्षा न कळणंच बरं होतं. लेक मांडी मागत होती. आणि तिने मागितली की त्या उठून जात होत्या.

संध्याकाळी कंडक्टर धावतपळत आली. ताप उतरला होता. काही मागत होता का, असं तिने विचारलं.

“मला मागत होता,” मावशी म्हणाल्या. “घरी गेलीस की घेऊन बस त्याला. काही आणायला म्हणून उठू नकोस.”

कंडक्टर गेली, तरी मावशी तशाच मांडी घालून बसून राहिल्या. खोलीत अंधारून आलं. दुकान बंद करून नवरा आला, आणि दिवा का नाही लावला, असं पुटपुटत बटणाकडे निघाला.

“उठू नको म्हणतेय ती,” मावशी म्हणाल्या.

त्याने त्यांच्या रिकाम्या मांडीकडे बघितलं. दिवा न लावताच तो त्यांच्या शेजारी येऊन बसला.