दोन पेट्यांचा मान

वरवंडच्या डेअरीत प्रगती कोकरेला नावानं कुणी हाक मारत नाही. वायरवाल्या मॅडम, एवढंच. टँकरचे ड्रायव्हर तर गेटवरच विचारायचे, "वायरवाल्या मॅडम आल्यात का? म्हंजी काटा आज चालू हाय का बंद, तेवढंच बघायचंय." गेले काही दिवस हा विनोद रोज होत होता आणि रोज तितकाच झोंबत होता.

तिचा जन्म भांडगावचा. वडील ज्ञानू मेंढरं राखायचे. ती सातवीत असताना त्यांनी शेवटचा कळप विकला आणि शेतात मुक्काम टाकला. पोरीला मात्र शिकू दिलं. तीन वर्षं एसटीच्या दांड्याला लोंबकळत ती दौंडच्या कॉलेजात गेली आणि कॉम्प्युटर घेऊन बीएस्सी झाली. लग्न होऊन वरवंडात आली. नवरा सम्राट रांजणगावच्या एका कंपनीत शिफ्टला, त्यामुळं आठवड्यातले चार दिवस शिरूरला खोलीवर. डेअरीत प्रगतीला काम मिळालं ते पावती फाडायच्या खिडकीवर. एकदा तीन दिवस पावतीच निघेना, सगळे प्रिंटरला शिव्या घालत बसले, तेव्हा तिनं भिंतीमागं हात घालून उंदरानं कुरतडलेली वायर बाहेर काढून दाखवली. तेव्हापासून डेअरीतली प्रत्येक वायर तिची झाली. पण खिडकीवरून उठून आतल्या खोलीत टेबल मिळायला तिला चार वर्षं लागली. आणि आता तेच टेबल जायच्या बेतात होतं.

झालं होतं असं. दूध उतरतं तो धक्का गेटपाशी आणि ऑफिस पार मागच्या अंगाला. दोन्हीकडं एकेक स्विच, म्हणजे सगळ्या वायरी जिच्यात येऊन बसतात ती पेटी. दोन पेट्यांना जोडणारी एकच फायबरची वायर. पावसाळ्याआधी चर खणताना जेसीबीनं ती तोडली. काट्यावरचं वजन, फॅट, काहीच ऑफिसात पोचेना. टँकर उन्हात उभे राहिले आणि दोन टँकर दूध नासलं. मग ती जोडून घेतली आणि जोडीला दुसरी वायर टाकायचं ठरलं.

दुसरी वायर आली आणि ठेकेदाराच्या माणसानं ती सरळ खोचून दिली. दहा मिनिटांत सगळी डेअरी ठप्प. प्रगतीनं फोनवर वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले, "व्हनारच की. दोन वाटा गोल मिळाल्या की मेंढरं त्याच वाटंनं फिरत ऱ्हात्यात. पुढचं मागच्याच्या मागं आन् मागचं पुढच्याच्या." बीएस्सीच्या पुस्तकात याला चार पानं लागली होती.

विश्वजीतराव मॅनेजर मात्र हसले नाहीत. "एक वायर व्हती तवा चालत व्हतं. दोन झाल्या तर बंद! आमच्याकडं म्हण हाय मॅडम, दोन बायका, फजिती ऐका. शनिवारपर्यंत बघा. न्हाई जमलं तर पुण्याच्या एजन्सीला पत्र तयार हाय. तुम्ही परत खिडकीवर बसा, तिथं बरं चाललं व्हतं तुमचं."

उपाय प्रगतीला ठाऊक होता. दोन वायरींची मोट बांधायची. या दोन नाहीत, एकच आहे, असं दोन्ही पेट्यांना शिकवायचं. मग एक तुटली तरी दुसरीवर काम चालू राहतं. त्यासाठी पेट्या आधी एकमेकींशी बोलतात. एकीला 'ॲक्टिव्ह' ठेवायचं, म्हणजे ती आपणहून हाक देते. दुसरी 'पॅसिव्ह' असली तरी चालतं, ती हाकेची वाट बघते आणि ओ देते.

अडचण होती ती धक्क्यावरच्या पेटीची. ती हनुमंत आप्पांच्या ताब्यात. आप्पा डेअरीचे जुने वायरमन, रिटायरमेंटला दीड वर्ष राहिलेलं. पेटीच्या कपाटाची किल्ली त्यांच्या करगोट्याला. ठेकेदारानं पासवर्ड त्यांच्याच वहीत लिहून दिलेला. खंडेनवमीला ते पाना-पकडीबरोबर त्या पेटीलाही हळदकुंकू लावायचे आणि एरवी कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. शिवाय वायरींची सेटिंग बदलताना दोन्ही टोकांना माणूस लागतोच, कारण ऑफिसातून बदलायला गेलं तर मधेच तिकडचा संबंध तुटतो.

म्हणून प्रगतीनं कागदावर नीट आराखडा काढला आणि तो घेऊन स्वतः धक्क्यावर गेली. "आप्पा, सुरुवात तुमच्या पेटीकडनं. ही ॲक्टिव्ह. माझी नुसती ओ देणार." खरं तर दोन्ही ॲक्टिव्ह ठेवल्या असत्या तरी चाललं असतं. पण आप्पा वयानं मोठे, त्यांना वाटायला नको की कालची खिडकीवरची बाई आपल्याला मागं सारते. आप्पांनी कागद कपाळाला लावला आणि घडी करून खिशात ठेवला.

काम करायला वेळ तेवढाच, अकरा ते दोन. सकाळचं दूध उतरलेलं असतं आणि संध्याकाळचं यायचं असतं.

बुधवारी दोघं आपापल्या टोकाला बसले, कानाला फोन. "झालं का आप्पा?" "झालं मॅडम." दिवे लागले, पण काटा आणि ऑफिस एकमेकांना दिसेनात. दोनच्या ठोक्याला सगळं पूर्ववत करून एकाच वायरीवर यावं लागलं. गुरुवारी तिनं दोन्ही वायरींची टोकं पुसली, जागा बदलल्या, पेटी बंद करून चालू केली. पुन्हा तेच. पेटी बनवणाऱ्या कंपनीच्या हेल्पलाइनवर पाऊण तास गाणं ऐकून झाल्यावर एक मुलगा हिंदीत म्हणाला, "मॅडम, दूसरी साइड चेक किया?" ती चिडून म्हणाली, "किया." केलं होतं ते एवढंच, की आप्पांना विचारलं होतं.

शुक्रवारी तिनं पुन्हा विचारलं, जरा घाबरतच. "आप्पा, तुमच्याकडं ॲक्टिव्हच हाय ना?"

आप्पांचा आवाज चढला. "मॅडम, मी एकोणीसशे ब्याण्णवपासनं हितं हाय. सांगितलेलं काम मला एकदा सांगितलं की कळतं."

जाऊन पेटी उघडून बघते म्हणणं म्हणजे सगळ्या धक्क्यासमोर त्यांना खोटं पाडणं. तिनं फोन ठेवला आणि स्वतःच्याच पेटीवर हात आपटला. त्या दिवशीही दोन वाजले. संध्याकाळी आई म्हाळसाचा फोन आला, "अगं, जेवतीस का न्हाई येळंवर? सम्राटराव म्हणत व्हते, फोनवर लई तोडून बोलतीस." प्रगती तिच्यावरही खेकसली आणि मग रात्रभर त्याचंच वाईट वाटत राहिलं.

शनिवारी अकराला बसली ती बारा वाजले तरी तसंच. साडेबाराला विश्वजीतराव दारातून डोकावले. हातात एजन्सीच्या पत्राचं पाकीट होतं. "दोनला बाहेर पाठवतो," एवढंच बोलून गेले.

तिला रडू येत होतं आणि रडायची लाज वाटत होती. डबा उचलून ती धक्क्यावर गेली. काही विचारायला नाही, नुसतं त्या पेटीसमोर बसायला. आप्पा जेवत होते. त्यांनी पोतं झटकून तिला जागा दिली आणि न विचारता ठेच्याची वाटी पुढं सरकवली. "खावा. उपाशीपोटी मशीनबी ऐकत न्हाई."

शेजारी त्यांची वही उघडी होती. आप्पांचं अक्षर मोठं, गोल. प्रगतीचा कागद त्यांनी जसाच्या तसा उतरवून घेतला होता. फक्त एका ओळीवर काट मारली होती आणि खाली लिहिलं होतं: *आपली पेटी पॅसिव. मॅडमच्या मशीनचा मान पहिला. तिनं हाक मारावी मग आपण जी म्हणावं.*

तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं.

"आप्पा, हे... हे असं का केलं?"

आप्पांनी भाकरी मोडता मोडता तिच्याकडं पाहिलं. "तुम्ही थोरपणानं म्हणालात, सुरुवात तुमच्याकडनं. म्हणून काय मी लगीच पुढं व्हायचं? तुमचं ऑफिस, तुम्ही शिकलेल्या. चारचौघात कुनी म्हनलं असतं, म्हातारा मॅडमच्या पुढं पळतोय."

"मग काल विचारलं तेव्हा सांगायचं तरी!"

"तुम्ही विचारलं ते असं विचारलं, जनू मला येतच न्हाई. मग मीबी बोललो न्हाई."

चार दिवस. चार दिवस दोन पेट्या एकमेकींच्या तोंडाकडं बघत बसल्या होत्या, तुम्ही आधी, न्हाई न्हाई, तुम्ही आधी. चार दिवस ती वायरी पुसत होती. तिला हसावं की ओरडावं कळेना. डबा तसाच टाकून ती ऑफिसकडं पळाली. आप्पांच्या पेटीला हात लावायची गरजच नव्हती. तिनं स्वतःची पेटी ॲक्टिव्ह केली. दोन सेकंद. मोट बांधली गेली. काट्यावरचं रिकामं वजन तिच्या पडद्यावर आलं. तिनं एक वायर उपसून काढली, वजन तसंच. ती खोचून दुसरी काढली, तरी तसंच.

दोनला दहा कमी होते. ती पाकिटाच्या मागं धावली.

विश्वजीतराव धक्क्यावर आले, स्वतःच्या हातानं वायर उपसून बघितली. मग विचारलं, "कुनाची चूक व्हती?"

आप्पा वहीवर हात ठेवून उभे होते. प्रगतीच्या जिभेवर नाव आलं होतं. चार दिवसांचा सगळा राग त्याच्या मागं उभा होता.

"सुरुवात माझ्या पेटीनं करायची होती, साहेब. मी केली नाही."

"म्हंजी तुमचीच." त्यांनी पाकीट खिशात घातलं. "बरं, काम ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. पण पुढच्या बारीला आधी हनुमंताला विचारत जावा. त्याला अनुभव हाय."

ते गेले. प्रगतीच्या कानशिलातून वाफा निघत होत्या. आप्पा बराच वेळ वही चाळत राहिले. मग करगोट्याची किल्ली सोडून त्यांनी दोन वेळा हातात फिरवली, पण दिली नाही, पुन्हा बांधली.

"मॅडम, पुढच्या टायमाला सरळ सांगत जावा. आप्पा, हे करा. मान बिन काय नगं."

"ऐकाल?"

"न्हाई ऐकणार," आप्पा म्हणाले. "पन न्हाई ऐकलं तर तसं सांगीन."

त्यांनी वही आणि पेन तिच्यापुढं धरलं. प्रगतीनं ती ओळ खोडली आणि खाली लिहिलं: दोन्ही ॲक्टिव्ह. मग आप्पांनी कपाटाचं कुलूप उघडलं आणि ती बाजूला उभी राहून, हात न लावता, त्यांनी बटण दाबेपर्यंत बघत राहिली.