जीभ बाहेर काढायचा तास

गिरणी बंद पडली तेव्हा मी घरी बसलो आणि बायको गोरेगावच्या एका औषधांच्या कंपनीत पॅकिंगला जाऊ लागली. दिंडोशीच्या आमच्या चाळीत ही उलटी व्यवस्था कुणालाच पसंत नव्हती. मला मात्र पोरगी दिवसभर मिळाली.

ती चार वर्षांची होती. तोंड कायम उघडं, हनुवटीवर लाळ. घास चावायची नाही, मऊ भात नुसता गिळायची. ओठ मिटत नसत, म्हणून ‘मासा’चा ‘आसा’ व्हायचा. तिचं बोलणं आम्हा दोघांनाच कळायचं. बालवाडीच्या बाईंनी मला बोलावून सांगितलं की मुलगी मंद आहे, उगाच पाठवू नका. कशावरून ठरवलंत, असं मी विचारलं तर त्या हजेरी घ्यायला वळल्या. दुसऱ्या दिवशी मी तिला तिथेच नेऊन बसवलं आणि लाळ पुसायला रुमाल घेऊन स्वतः बाहेर पायरीवर बसलो.

सरकारी इस्पितळात बोलण्याचे उपचार करणाऱ्या एक तरुण बाई होत्या. त्यांनी पोरीच्या वरच्या ओठाला मध लावला आणि चाटायला सांगितलं. जीभ दातांपाशीच अडकली. त्या म्हणाल्या, कान ठीक आहेत, समज चांगली आहे. ओठ, गाल आणि जीभ यांत जोर कमी आहे. त्यांना रोज काम द्या, पण खेळातून. जबरदस्ती केलीत तर ती तोंडाला हात लावू देणार नाही.

मग आमच्या ओट्यावर खेळ सुरू झाले. पपईच्या पानाचा पोकळ देठ साबणाच्या पाण्यात बुडवून आम्ही फुगे सोडायचो. फरशीवर कागदाचा बोळा ठेवून दोघं समोरासमोर पालथे पडायचो आणि फुंकर मारून एकमेकांवर गोल करायचो. ओठावर गूळ चिकटवून आरशासमोर जीभ काढायचो. गाल फुगवून वाकुल्या दाखवायचो. टाळूला जीभ आपटून घोडा दौडवायचो. जेवताना भाकरीचा कडक पापुद्रा दाढेखाली ठेवून कुणाचा जास्त कुरकुर वाजतो ते ऐकायचो. पहिले काही महिने तीच हरायची आणि रडायची. कधी मीही कंटाळायचो.

लोक हसले. गावाहून आलेली माझी आई तर वैतागली. "चेडवाक जीभ काढूक शिकवतंस? लोका हसतत." मी म्हटलं, हसू देत. शेजारचे एक काका रोज पेपर वाचता वाचता आमच्याकडे बघत. एकदा त्यांनी सगळ्यांसमोर ऐकवलं, "काम शोध ना रे. पोरीला माकड काय बनवतोस?"

मी बोळ्यामागे पालथा पडलो होतो. उठलोही नाही. "हेच माझं काम आहे," म्हटलं आणि पुढची फुंकर मारली.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम त्यांच्या दारासमोरच खेळ मांडला. चाळीतली बाकीची पोरं जमली. सगळ्यांनी मिळून इतके घोडे दौडवले की काकांनी दार लावून घेतलं. मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

आमच्याकडे मालाडहून एक कोळीण मासे घेऊन यायची. पोरीला काय हवंय ते ती नेहमी मलाच विचारायची. एके सकाळी तिने पाटी उतरवली आणि बोंबील पुढे केले. पोरीने आधी ओठ घट्ट मिटले, मग म्हणाली, "बोंबील नको. बांगडा."

कोळणीने माझ्याकडे पाहिलंच नाही. थेट तिलाच विचारलं, "मोठा देऊ की बारका?" मी आत जाऊन तोंडावर पाणी मारलं. संध्याकाळी बायको कामावरून आली तेव्हा पोरीने तिला तेच वाक्य इतक्यांदा ऐकवलं की शेवटी दोघी हसत बसल्या.

सगळं सुधारलं असं नाही. ‘र’ तिला फार उशिरा आला, दमली की बोलणं अजून अडखळतं. गिरणी पुन्हा उघडली नाही, मी पुढे वॉचमनची नोकरी धरली. पण पहिलीत घालताना शाळेतल्या बाई तिला नाव-पत्ता विचारून मला म्हणाल्या की हिचं बोलणं नीट कळत नाही, तुम्हीच सांगा. मी सांगणार नव्हतोच. पोरीने माझा हात सोडला, टेबलाजवळ गेली आणि म्हणाली, "पलत सांगते. ऐका."