बरडावरची तूर

त्या दिवशी अंगणात ऊन आलं आणि आम्ही दोघं नवरा-बायको बियाची तूर निवडायला बसलो. एक ढीग खालच्या काळ्या वावरातला, दुसरा तिच्या बरडावरचा. त्या मुरमाड रानात ओल टिकत नाही, म्हणून जी झाडं आधी फुलत त्यांचंच बी ती दरसाल धरायची. मी कधी लक्ष दिलं नाही. होता होता असं झालं की तिची तूर शेंगा धरते, तेव्हा खालची नुसती कळीवर असते.

आमची मुलगी वाशीमला शाळेत विज्ञान शिकवते. दिवाळीत म्हणाली होती, "आई, तुही तूर येगळी व्हून राह्यली. फुलं एका वक्ताले नाहीत, तं माशी इकडचं तिकडं नेईन कशी? हजारो वर्सं असंच राह्यलं तं एकीचं दुसरीले बी धरनार नाही. नव्या जाती अशाच होतात."

"तुह्या बापाच्या घरी झाल्या मंग," बायको म्हणाली. "एका मायचे दोघं भाऊ. मधात भित घातली, आता एकमेकाचं पानी बी चालत नाही."

मुलगी हसली. मला राग आला होता.

त्या दिवशी ढीग तसेच ठेवून बायको चहा मांडायला उठली आणि चुलीपाशीच कोसळली. संपलं.

तिला ठेवायला अंगण मोकळं पाहिजे होतं. भिंतीपलीकडचा धाकटा भाऊ धावत आला. इतक्या वर्षांत आला तो आज. त्यानं दोन्ही ढीग एकाच पोत्यात लोटले.

"अरे, काहून मिसळवलं?"

"दादा, तूरच तं हाये. दोनी एकच."

दाण्यावरून तिलाही ओळखू आली नसती. फरक फुलायच्या वक्ताचा, तो पोत्यात दिसत नाही. सगळी पेरावी, आधी फुलेल ती ठेवावी. पण फुलेपर्यंत मी राहतो की नाही, कोणाला ठाऊक? दुपारी मुलगी आली आणि आम्ही तिच्या आईला मसणात पोहोचवून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सुतक असून, कोणाला न सांगता बरडावर गेलो. काढणीत सुटलेल्या शेंगा धुऱ्याच्या बांधाकडेला पडल्या होत्या. वाकता येत नाही, म्हणून बूड घासत वेचल्या. पसाभर निघाल्या. दुपट्ट्यात बांधून घरी आलो, तर भाऊ दारात उभा.

"दादा, पोतं कुठीसा ठेवू?"

"भरड अन् दाळ कर," मी म्हटलं. "तेरवीले लागनच."