एक फरशी कमी

फरशीवाले अण्णा प्रत्येक घरात एक फरशी कमी बसवायचे. अख्खं घर लखलखीत, आणि देवघरासमोर दोन बाय दोनचा सिमेंटचा चौकोन तसाच! शेवटच्या बिलाचे पैसे हातात पडले की अण्णा स्वतः येऊन ती फरशी बसवणार. पूजेची पंचाईत झाली की घरमालकच आमच्या मालकांच्या, म्हणजे कॉन्ट्रॅक्टरच्या, मागे लागे आणि अण्णांचे पैसे सुटत. मी तेव्हा सोलापुरातल्या एका कॉन्ट्रॅक्टरकडे साइट इंजिनिअर होतो. पहिल्यांदा हा प्रकार पाहून मी डाफरलो. अण्णा हसून म्हणाले, "सायेब, काम झाल्यावर फरशीवाल्याला कोण वळकतंय? ही एवढी जागा हाय तवर माझी आटवण हाय."

माणूस कर्नाटकाच्या सीमेजवळच्या मैंदर्गीचा. घरात कन्नड, साइटवर मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम. राग यायचा तो फक्त पोकळ फरशीवर. बसवलेली प्रत्येक फरशी थापीच्या दांड्यानं वाजवून बघायचे. आवाज पोकळ आला की "यप्पा!" म्हणून कपाळाला हात, आणि गड्यांनी कितीही गयावया केली तरी ती उखडायला लावायचे.

पैसे मागायची तऱ्हाही न्यारी. दर सोमवारी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून नवी पेठेतल्या आमच्या ऑफिसात बाकावर येऊन बसायचे. मालकांच्या लेकराबाळांची चौकशी करायचे, चहा घ्यायचे, नमस्कार करून निघायचे. पैशाचा शब्द नाही. "मागितलं की माणूस चिडतंय. आपण नुसतं दिसायचं," हे त्यांचं शास्त्र.

मग शहरातल्या जुळे सोलापूर भागात एका बंगल्याचं काम आलं. वास्तुशांत दुसऱ्या दिवशी, आणि अण्णांचे सत्तर हजार बाकी. घरमालकानं आमच्या मालकांना सगळे पैसे कधीच चुकते केले होते. मालक म्हणाले, सोमवारी देतो. आणि मी शहाणा! अण्णांना म्हणालो, "बसवा हो ती फरशी. पैशाची जबाबदारी माझी."

अण्णांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. "तुमी म्हणताव म्हणून," म्हणाले आणि गुडघे टेकून कामाला लागले.

पैसे काही मिळाले नाहीत. सोमवार येत राहिले, अण्णाही येत राहिले, आणि मालकांच्या तोंडी "पुढच्या आठवड्यात". गड्यांची मजुरी भागवायला अण्णांनी फरशी कापायचं मशीन विकलं, मग मोटारसायकल. ते एसटीनं यायला लागले तसा मी त्यांना पाहून आतल्या खोलीत दडायला लागलो. एकदा त्यांनी गाठलंच. वाटलं, आता शिव्या बसणार. तर पिशवीतून शेंगाचटणीची पुडी काढून त्यांनी माझ्या हातात ठेवली. "लपताव कशाला? पैसे तुमी ठेवलाव व्हय? येळेवर जेवत जावा की, लई वाळलाव." पोटभर शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं हो!

दिवाळीनंतर अण्णा यायचे थांबले. तब्येत बरी नाही असं कुणीतरी म्हणालं. तेव्हा कुठे माझं डोकं फिरलं. मालकांसमोर जाऊन सांगितलं, अण्णांचा चेक मिळेपर्यंत मी साइटवर पाय ठेवणार नाही. दोन कामं माझ्यावर अडली होती, म्हणून तोंड वाकडं करत त्यांनी सही केली. मी तडक मैंदर्गीची एसटी पकडली. काय बोलायचं ते वाटभर घोकत होतो.

दारात अण्णांच्या बायको, आक्का, ज्वारी पाखडत होत्या. अण्णा कुठायत, मी विचारलं. सूप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "जाऊन तीन आठवडे झालं की. तुमाला कुनी सांगितलं न्हाय?"

मी चेक पुढे केला. आतून आलेल्या नातीनं त्यावरचं नाव वाचून दाखवलं. आक्कांनी डोळ्याला पदर लावला. "ह्यांच्याच नावाचा हाय की. आता ह्यांनी सही कुटं करायची?"

पुढे मी चेक आक्कांच्या नावानं बदलून आणला, पैसे पोचले. पण मला ते अण्णांच्या हातात द्यायचे होते. एसटीत घोकलं होतं ते एवढंच: "अण्णा, तुमचे पैसे आणलेत." ते काही मला म्हणता आलं नाही.