काचेच्या कापडाची चोरी

ती घटना आठवली की आजही माझा आवाज चढतो. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. शिपाई म्हणून लागलो आणि सहायक फौजदार होऊन घरी आलो. लिहिण्याचा सराव नाही. तरी ही हकीकत मीच लिहिणार, दुसरा कोणी खरी सांगणार नाही.

लढाईचे दिवस होते. नवापूर ठाण्यात मी जमादार होतो. नंदुरबार जिल्हा तेव्हा नव्हता, सगळा कारभार धुळ्याहून चाले. सुरतेकडून एक ट्रक आला, विमानाचे भाग बनवणाऱ्या कारखान्याचा माल घेऊन. जकात नाक्यावर मुक्काम केला आणि सकाळी ड्रायव्हरने फिर्याद दिली, की कापडाचा एक ताका चोरीला गेला, नाक्याचा राखणदार झोपला होता.

राखणदार भिल्ल. आमच्या फौजदारसाहेबांना तेवढं पुरलं. "विमानाचा माल आहे, जमादार. हा शत्रूचा हस्तक असू शकतो. आत घ्या, ठोका, कबूल होईल." धुळ्याला फोनही करून मोकळे झाले.

मी म्हणालो, "साहेब, लेखी हुकूम द्या, मग ठोकतो." लेखी कोण देतो? राखणदार कोठडीत बसला, पण त्याच्या अंगाला मी कोणाचा हात लागू दिला नाही. त्याचं एकच चाललेलं, "दादा, मी जागा व्हतू."

लोकांना वाटतं, टीप म्हणजे कोणी कानात येऊन सांगतं. आमच्याकडे ती तिसऱ्या दिवशी भांडत आली. प्रकाशा गावाकडचे एक गुजर पाटील मुलीच्या लग्नाच्या बाजाराला आलेले. त्यांनी गावातल्या मुसलमान रंगाऱ्याला दंडाला धरून ठाण्यात आणलं.

"जमादार, यानी मन्हं कापड बदली टाकं. रेशीम दिधं व्हतं मी, लाल रंगाले."

रंगारी म्हणाला, "आबा, तुन्हा कापडमा भूत शे. दोनदा उकाळं, रंग पाणीमाच ऱ्हायना. आनि मन्हा हात पहा."

"तुन्हा हात मी रंगाले दिधा व्हता का?"

शिपाई हसले. मी हात पाहिले. कोपरापर्यंत लाल, खाजवून सोललेले. कापड हातात घेतलं. पांढरं, चकचकीत, बोटातून निसटणारं. काठाला काडी लावली. काळं पडलं, पेटलं नाही.

"आबा, घेतलं कोणाकडून?"

"एक मोटारवाला व्हता, हॉटेलजोडे."

त्या रस्त्यावर मोटारवाले काय थोडे? पण कारखान्याचे एक इंजिनियर त्याच दिवशी चोरीच्या चौकशीला आले होते, त्यांना मी कापड दाखवलं. त्यांनी ओळखलं. म्हणाले, "हा काचेचा धागा आहे. साच्यावर याचे थर लावतो, प्रत्येक थराला राळ चोपडतो, मग भट्टीत भाजतो. विमानाचं नाक तयार होतं. पत्र्याहून हलकं, आणि रडारच्या लहरी त्यातून आरपार जातात."

"मग हा ताका परत न्या."

"हा? रंगाच्या कढईत उकळलेला? राळ धरणार नाही. वर हवेत थर सुटले तर वैमानिक गेला."

"आणि रंगाऱ्याचे हात?"

"काचेची कुसळं शिरली. म्हणून आम्ही जाड कागदात बांधून मागवतो. वाटेत कोणी उघडायचं नसतं."

मी उठलो आणि कोठडीत जाऊन राखणदाराचे हात, खांदे, मान पाहिली. कुठे ओरखडा नाही. मग तपासासाठी थांबवून ठेवलेल्या ड्रायव्हरला बोलावलं. एवढ्या उकाड्यात त्याची गळ्यापर्यंत गुंडी लावलेली.

"शर्ट काढ."

"काहून, जमादारसाहेब?"

"काढ म्हणतो ना."

उजवा खांदा आणि मान लालभडक, नखांचे वळ उठलेले.

"डास चावले, साहेब."

"डास काय एकाच खांद्यावर बसतात?"

तेवढ्यात पाटील दारातून म्हणाले, "हाऊच तो. सुरतनं रेशीम शे म्हणे." ड्रायव्हर बोलू लागला. जबाबात सगळं आलं. ताका त्याने नाक्याच्या आधीच हॉटेलामागे उतरवला होता, कागद फाडून खांद्यावर वाहिला होता. राखणदारासमोर ताका आलाच नव्हता.

इथे खटला संपायला हवा होता. पण साहेबांनी धुळ्याला हस्तक सापडल्याचं सांगून ठेवलेलं. एक कागद आणि शाईचा डबा मागवला. "निदान याची चूक तरी कागदावर दिसू दे. राखणदार झोपला होता असा जबाब लिहा, अंगठा घ्या, सोडून द्या."

राखणदार माझ्याकडे पाहून म्हणाला, "दादा, आंगठा दिधा तर मी झोपना आस व्हई. नाक्यानी नोकरी जाई."

मी शाईचा डबा बंद केला. "साहेब, हा झोपला नव्हता. खोट्यावर मी अंगठा घेणार नाही."

"अक्राणीच्या डोंगरात बदली करीन."

"करा."

त्या खटल्याने मला शिकवलं ते असं. कबुली मार देऊन कोणाकडूनही मिळते. पुरावा शोधावा लागतो, आणि तो शोधायचा ज्याला कंटाळा येतो, तो आधी गरिबाची जात बघतो. हे मी तेव्हा तोंडावर बोललो, आज लिहितोय. कोणाला झोंबलं तर झोंबू दे.

बदली झाली. जाण्याआधी मी वर्दी घालून राखणदाराला भर बाजारातून नाक्यावर नेलं आणि त्याच्या खाटेवर बसवलं. नाक्याचा ठेकेदार म्हणाला, हा झोपला नव्हता असा साहेबांचा कागद कुठे आहे? मी राखणदाराचा हात धरून वर केला आणि अंगठा दाखवला. शाईचा डाग नव्हता.